पिटूचे कान

पिटू जन्मला तेव्हा त्याचे कान कापडासारखे मऊ होते. कुशीवर झोपवला की खालचा कान दुमडायचा आणि दुमडलेलाच राहायचा. मग नर्स येऊन करंगळीने तो अलगद उलगडून ठेवायची. दिवस भरायला अजून अडीच महिने होते. पाऊल म्हणावं तर बापाच्या अंगठ्याएवढं. नाकातोंडात नळ्या, छातीवर तारा, आणि शेजारी श्वास देणारं यंत्र. ते यंत्र फुस्स करायचं की त्याची छाती वर यायची. यंत्राचा श्वास तो, पिटूचा नव्हे.

त्या कक्षात बायकांना नावाने कुणी हाक मारत नसे. पिटूची आई, जुळ्यांची आई, कोपऱ्यातल्या पेटीची आई. पिटूची आई छापखान्यात बाइंडिंगला होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, घड्या घालायच्या, त्या शिवायच्या, डिंक लावायचा. नवरा त्याच छापखान्यात मशीनवर. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो त्या धडधडाटात उभा होता, त्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं आणि तो बोलायचा ते ओरडून. पहिल्या दिवशी नर्सने त्याला दटावलं, "अहो, हळू बोला, बाळं झोपलीत."

"हळूच बोलतोय की!" तो एवढ्या जोरात म्हणाला की दोन बाळं दचकून रडायला लागली.

त्या दिवसांत हसू आलं ते तेवढंच.

एका सकाळी मोठ्या डॉक्टरांनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. डॉक्टर उतारवयाच्या होत्या, बोलणं सावकाश. त्यांनी सांगितलं की पिटूची फुप्फुसं सुजली आहेत, यंत्रावर जितका जास्त राहील तितकी ती खराब होतील. एक औषध आहे, त्याने सूज उतरून बाळं यंत्रावरून लवकर सुटतील असं वाटतं. पण वाटतं म्हणून भागत नाही, ते सिद्ध करायला हवं. म्हणून अर्ध्या बाळांना औषध द्यायचं आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते संगणक ठरवणार. आईबापांना कळणार नाही, नर्सला नाही, आणि डॉक्टरांना स्वतःलाही नाही.

"म्हणजे प्रयोग," नवरा म्हणाला.

"हो. प्रयोगच."

"आणि उलटलं तर?"

"उलटू शकतं. आत्तापर्यंत तसं काही दिसलेलं नाही. पण पुढे काय होईल हे मला माहीत असतं तर प्रयोग कशाला केला असता? आणि नाही म्हणालात तरी बाळाची काळजी आम्ही तितकीच घेऊ."

नवरा उठून उभा राहिला. "माझ्या पोरावर प्रयोग नको. जायचा असेल तर सुखाने जाऊ दे."

तो बाहेर गेला. ती तशीच बसून राहिली. काचेपलीकडे फुस्स, फुस्स चाललं होतं. तिने डॉक्टरांना विचारलं, "एकट्या आईची सही चालते?"

"चालते. पण दोघांनी मिळून ठरवलंत तर बरं."

तिने सही केली. जिन्यात नवरा भेटला तेव्हा त्याला सांगितलं. तो ओरडला नाही, तेच तिला जास्त लागलं. "बरं," तो म्हणाला. "सही तुझी, आता पुढचंही तुझं."

आठवड्याभरातच पिटू यंत्रावरून सुटला. पहिल्यांदा आपल्या जोरावर रडला तेव्हा नवऱ्याला ते ऐकू आलं नाही. तिने त्याच्या कानाशी लागून सांगितलं आणि तो काचेला कपाळ टेकून उभा राहिला. घरी जाताना सगळ्या तपासण्या झाल्या. डोळे ठीक, कान ठीक, मेंदूचा फोटो ठीक. जुळ्यांची आई त्याच आठवड्यात एकच बाळ घेऊन घरी गेली. पिटूची आई मनात म्हणाली, आपलं नशीब थोर.

वर्षाचा होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. वजन धरलं, बसला, रांगला. मग एका दुपारी तो जमिनीवर डब्यांच्या झाकणांशी खेळत होता, दाराकडे पाठ करून. वारा सुटला आणि दार असं धाडकन आपटलं की तिच्या हातातली सुई बोटात घुसली. पिटूने मान वर केली नाही. झाकणावर झाकण ठेवत राहिला.

तिने बोट तोंडात घातलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. खेळात गुंग आहे, ती मनाशी म्हणाली. मग उठली, दार उघडलं आणि स्वतः आपटलं. पुन्हा आपटलं. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, "काय गं, भांडण झालं का?"

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. नवरा कामावर गेला की ती पिटूच्या पाठीमागे उभी राहायची. चमचा आपटायची, टाळी वाजवायची, हाक मारायची. एखादे दिवशी तो वळायचा आणि तिच्या अंगावरून ओझं उतरायचं. मग लक्षात यायचं की तिची सावली त्याच्यापुढे पडली होती, किंवा पायाखालची फळी हलली होती. पण तोंड समोर असलं की पिटूला सगळं कळायचं. छापखान्यातली माणसं मशीन चालू असताना ओठ आणि हात हलवूनच बोलतात. ती सवय घरी आपोआप आली होती. घरात अर्धं बोलणं हातांनीच चालायचं, त्यामुळे पाहुण्यारावळ्यांना कधी संशय आला नाही. "बापाचा आवाज एवढा मोठा, पोरगं बोलेल कशाला? बोलायची वेळच येत नसेल," असं म्हणून सगळे हसायचे. तीही हसायची.

नवऱ्याला सांगायचं तिच्या जिभेवर अनेकदा आलं. पण 'पुढचंही तुझं' हे शब्द आडवे यायचे. सही केली होती तिने. आता पोराच्या कानांत काही बिघाड निघाला तर तो त्या सहीनेच निघाला, असं होणार. कुणी तोंडावर म्हटलं नाही तरी जन्मभर घरात ते असणार.

संशोधनातल्या मुलांना वर्षाला एकदा तपासायला बोलावत. तपासणारी बाई तरुण होती. खोलीत पेटीभर खेळणी असायची आणि ती मुलांशी खेळता खेळता त्यांना जोखायची, म्हणून आया तिला खेळवाली ताई म्हणत. ठोकळे रचतो का, चेंडू लपवला तर शोधतो का, नावाने हाक मारली तर वळतो का. कुणाला औषध मिळालं आणि कुणाला मिठाचं पाणी, हे तिला माहीत नसे. माहीत नसावं असाच नियम होता, नाहीतर नजर एका बाजूला झुकली असती.

पहिल्या खेपेला पिटू आईच्या मांडीवर बसला होता. ताईने मागून हाक मारली की आईचा गुडघा किंचित हलायचा आणि पिटू मान वळवायचा. यंत्रावर कान तपासायचे होते तेव्हा आई म्हणाली, "सर्दी झालीय हो, कान वाहतोय. पुढच्या आठवड्यात आणते." ती आलीच नाही. फोन आले तेव्हा सासूबाई आजारी होत्या, मग घर बदलायचं होतं, मग फोन उचलणंच थांबलं.

दुसऱ्या खेपेला मात्र जावं लागलं, कारण नवऱ्याने रजा काढली आणि स्वतः सोबत आला. तो बाहेर बाकावर बसला. आत पिटूला मांडीऐवजी छोट्या खुर्चीवर बसवलं होतं. आई शेजारी. पिटूने ठोकळ्यांचा उंच मनोरा रचला, चित्रातला कुत्रा दाखवला, बाहुलीला जेवू घातलं. ताई खूश झाली. "हुशार आहे हो तुमचा."

मग ती पाठीमागे गेली आणि हाक मारली. पिटू वळला. खुळखुळा वाजवला. वळला. ताईच्या हातातली पेन्सिल पडली, ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. आईच्या चपलेचं टोक खुर्चीच्या पायाला लागलेलं होतं.

ती उठली. आवाज तसाच ठेवून म्हणाली, "पिटूची आई, तुम्ही जरा खिडकीपाशी बसता का?"

"तो रडेल मी लांब गेले तर."

"रडला तर या परत."

आई खिडकीपाशी जाऊन बसली. ताईने हाक मारली. पिटू ठोकळा ठेवत होता. मोठ्याने हाक मारली. खुळखुळा, मग घंटा, मग त्याच्या डोक्यामागे धरून दोन्ही हातांनी टाळी. पिटूने आणखी एक ठोकळा चढवला आणि शाबासकी मिळावी म्हणून आईकडे पाहिलं. आईचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. खुर्चीवरून उतरून तो तिच्याकडे गेला आणि तिच्या गालाला हात लावून बघू लागला.

ताई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"आई."

तिने गालावरचा पिटूचा हात मुठीत धरला. मग म्हणाली, "वर्षाचा होता. दार आपटलं होतं."

"म्हणजे मागच्या खेपेला तुम्हाला माहीत होतं?"

तिने होकाराची मान हलवली. "ताई, तुमच्या पाया पडते, लिहू नका. कानाचं मी बाहेर कुठेतरी दाखवते. इथे नका लिहू. त्याचा बाप बाहेर बसलाय. मी त्याचं न ऐकता सही केली होती."

"न लिहून कसं चालेल? आधी कळलं असतं तर ऐकायचं यंत्र लावता आलं असतं. बोलायला शिकायचं वय हेच असतं." ताईचा आवाज चढला होता. मागच्या खेपेला आपण फसलो आणि आजही एका चपलेच्या टोकाने फसवलं, हे तिला झोंबत होतं. मग तिने पिटूकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी लिहिणार आहे. तुमच्यावर रागावून नाही. एवढंच सांगते, आज इथून जाण्याआधी कान तपासून घ्या."

पिटूला झोपवून डोक्याला तारा लावल्या. तपासणाऱ्याने पडद्याकडे पाहत मान हलवली. दोन्ही कान, जवळजवळ काहीच नाही.

नवऱ्याला तिने घरी येऊन सांगितलं. पिटूला कडेवर घेऊन, भिंतीला टेकून, एका दमात. दार, चमचा, गुडघा, चप्पल, सगळं. सांगून झाल्यावर डोळे मिटून उभी राहिली.

"मला माहीत आहे," नवरा म्हणाला.

तिने डोळे उघडले.

"केव्हाचं माहीत आहे. सायकलचा भोंगा वाजवला होता त्याच्या मागे. ढिम्म हलला नाही." आयुष्यात पहिल्यांदाच तो इतकं हळू बोलत होता. "मला वाटलं माझेच कान गेले त्याच्यात. तुला कुठल्या तोंडानं सांगणार? तू त्याला मरणातून ओढून आणलंस आणि मी असले कान दिले."

"अहो, तुमचे कान मशीननं गेलेत. ते कसे त्याच्यात जातील?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

एवढे दिवस दोघंही एकमेकांची नजर चुकवून एकाच पोराला पाठीमागून हाका मारत होती. ती खाली बसली. तोही बसला. भांडण झालं नाही. भांडायला दोघांपैकी एक तरी निर्दोष असावा लागतो.

इकडे खेळवाली ताई त्याच संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांकडे गेली. पिटूच्या आईसारख्या आणखीही असतील, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दोन मुलांची आठवण तिला छळत होती. एक हसरं पोरगं तोंडाकडे टक लावून बघायचं, एक मुलगी फार उशिरा वळायची. दोघांच्या नावापुढे तिने त्या वेळी 'लाजाळू' लिहिलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्या मुलांचे कान पुन्हा यंत्रावर तपासायचा हुकूम काढला. घरी जाताना सगळ्यांचे कान ठीक होते. ते त्यानंतर, हळूहळू गेले होते. इतक्या हळू की आयांनाही कळलं नव्हतं. ज्यांना कळलं होतं त्यातल्या काहींनी मूग गिळले होते.

संशोधनावर देखरेख करणारी बाहेरची समिती होती. तिने कुणाला काय मिळालं त्याची मोहोरबंद यादी उघडली. ज्यांचे कान गेले होते त्यातल्या बहुतेक सगळ्यांना औषध मिळालं होतं. पिटूलाही. त्याच औषधाने मुलं यंत्रावरून लवकर सुटत होती, फुप्फुसं वाचत होती, हेही त्याच यादीवरून दिसत होतं. त्याच दिवशी औषध देणं थांबवलं.

डॉक्टरांनी एकेका कुटुंबाला बोलावून स्वतः सांगितलं. पिटूच्या आईबापांपुढे त्या बसल्या तेव्हा आधीपेक्षा म्हाताऱ्या दिसत होत्या. लपवाछपवी केली नाही. औषधाने कान गेले, आम्ही दिलं, आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि कानाच्या शस्त्रक्रियेची, ऐकायच्या यंत्राची, बोलायला शिकवण्याची जबाबदारी आमची.

नवऱ्याने विचारलं, "आणि औषध दिलं नसतं तर?"

"कदाचित मिठाच्या पाण्यावरही जगला असता. कदाचित नसता. खोटं सांगत नाही, मला माहीत नाही."

नवरा हातातल्या टोपीकडे बघत राहिला. मग बायकोकडे वळला. "तेव्हा मी जाऊ दे म्हणालो होतो," तो म्हणाला.

तिच्या मनात वेगळंच काही होतं. तिने भिंतीशी उभ्या असलेल्या ताईला विचारलं, "मी पहिल्याच खेपेला सांगितलं असतं, तर औषध तेव्हाच थांबलं असतं?"

डॉक्टर घाईने म्हणाल्या, "एका मुलावरून संशोधन थांबत नाही. लवकर जन्मलेल्यांचे कान औषधाशिवायही कधी कधी जातात."

"मी ताईंना विचारतेय."

ताईने डॉक्टरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एकानं थांबलं नसतं. पण एक कळला असता तर बाकीच्यांचे आम्ही तेव्हाच तपासले असते."

"आणि मग थांबलं असतं."

"बहुधा."

"त्यानंतर किती बाळांना दिलं?"

"ते विचारू नका," डॉक्टर म्हणाल्या.

"सांगा."

"त्यातली ऐकू येत नाही अशी अकरा," ताई म्हणाली.

पिटूच्या कानामागे शस्त्रक्रिया झाली. यंत्र पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो घाबरून किंचाळला आणि स्वतःची किंकाळी ऐकून आणखी घाबरला. कितीतरी आठवडे तो यंत्र उपटून फेकायचा. बापाच्या आवाजाने तर टाहो फोडायचा, म्हणून घरात मोठ्याने बोलणाऱ्या त्या माणसाने बोलणंच कमी केलं. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, बोलेल, पण उशिरा, आणि बरोबरीच्या मुलांइतकं कधी नाही.

काही घरं तपासणीला येतच नव्हती. पत्रं परत यायची, फोन वाजत राहायचे. ताईने पिटूच्या आईला विचारलं, "तुम्ही येता का माझ्यासोबत? माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

ती गेली. कामावरून सुटल्यावर ताईबरोबर अनोळखी जिने चढायची, दारं ठोठावायची. कुणी पाणी द्यायचं, कुणी आतूनच "घरी कुणी नाही" म्हणायचं. आपल्या पोराची हकीकत ती सांगायची, पण पहिल्या खेपेचं सांगायची नाही. त्याची गरज पडत नव्हती.

चौथ्या मजल्यावरच्या एका घरात चिंगी नावाची मुलगी होती. नुकतं चालायला लागलेली, गोल चेहऱ्याची. ती पलंगाला धरून उभी होती आणि चार वेळा हाक मारूनही खिडकीबाहेर बघत होती. तिची आई दारातच हाताची घडी घालून उभी राहिली. "आमची व्यवस्थित ऐकते. मनात असेल तेव्हा वळते."

"माझाही मनात असेल तेव्हाच वळायचा," पिटूची आई म्हणाली.

चिंगीच्या आईचे हात सैल झाले. तिने दोघींना आत घेतलं, बसायला दिलं. पिटूचं सगळं विचारलं, शस्त्रक्रिया दुखते का, यंत्र दिसतं का, पुढे लग्न होईल का. मग म्हणाली, "तुमच्या लक्षात कधी आलं?"

दोन वर्षांचा असताना, असं म्हणता आलं असतं. ताई काही बोलली नसती. पिटूची आई त्या मुलीकडे बघत होती.

"वर्षाचा होता तेव्हा," ती म्हणाली. "मी लपवलं. तपासणीला गेले तिथेही लपवलं. तेव्हा बोलले असते तर ते औषध तेव्हाच थांबलं असतं."

चिंगीच्या आईने मनातल्या मनात हिशेब मांडला. तो चेहऱ्यावर दिसत होता. "तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता."

"हो."

"पोटातही नव्हती."

"हो."

ती उठली. मुलीला उचलून घट्ट धरलं, इतकं की मुलगी कुरकुरली. "चालत्या व्हा," ती म्हणाली. "ताई, तुम्ही नाही. ह्या."

पिटूची आई चपला हातात घेऊनच जिना उतरली. खाली रस्त्यावर गाड्या वाजत होत्या. ताई बऱ्याच वेळाने आली. "सोमवारी आणते म्हणाली," ताईने सांगितलं. "तुम्ही सांगायला नको होतं ते. कशाला सांगितलंत?"

पिटूच्या आईने चपला खाली टाकल्या आणि पायात घातल्या. "तिनं विचारलं म्हणून," ती म्हणाली. "पुढचं घर कुठलं?"